पायरेट्सच्या मराठी चाहत्यांना खुले पत्र: २०१५ चा हिवाळा आठवा

पिट्सबर्ग, नोव्हेंबर २०२५

मंडळी, सप्रेम नमस्कार.

फराळाच्या दिवशी चकल्यांचे डबे रिकामे झाले, चहाची तिसरी फेरी झाली, तरी आपला वाद मिटला नाही. आपल्या शहराच्या बेसबॉल संघाच्या, पायरेट्सच्या पॉल स्कीन्सला साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान, मिळून तीन दिवस झाले होते. खरं तर पेढे वाटायचे. त्याऐवजी मनरोव्हिलचे काका म्हणाले, "आत्ता भाव आहे, आत्ताच विकून टाका त्याला," आणि क्रॅनबेरीचा दादा हातातली प्लेट ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. वहिनींचं म्हणणं, मालक बदलल्याशिवाय या क्लबला एक सेंट द्यायचा नाही. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. दोन-तीनदा दारापर्यंत आले आणि परत गेले, कारण मला जे म्हणायचं होतं ते एका वाक्यात बसणारं नव्हतं. ते आता लिहून काढतेय. उघड लिहितेय, कारण हाच वाद या शहरातल्या प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात चाललाय, आणि आपल्यासारखी मराठी घरं फिलाडेल्फियापासून कोलंबसपर्यंत आहेत जिथे अजून पायरेट्सची पिवळी-काळी टोपी खुंटीला असते.

आपल्यापैकी तिघांकडे सध्या आईवडील आलेले आहेत. उन्हाळाभर नातवंडांशेजारी बसून मॅच बघता बघता त्यांनाही गोडी लागली आहे. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

स्कीन्स हा पिचर. क्रिकेटमधल्या बोलरसारखा, पण त्याहून अधिक एकटा. सुरुवातीचा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदाच उतरतो, आणि त्या दिवशी सामन्याचा बहुतेक भार त्याच्यावर असतो. हा मुलगा आधी एअर फोर्स अकॅडमीत होता, मग लुइझियाना स्टेटमध्ये गेला. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, आपण त्याला पहिल्या क्रमांकाने घेतलं. ११ मे २०२४ ला तो पहिल्यांदा आपल्या मैदानावर उतरला. त्या वर्षी नऊ इनिंगमागे त्याने सरासरी १.९६ धावा दिल्या आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. यंदा १.९७ धावा, २१६ बळी, आणि साय यंगसाठी मत देणाऱ्या प्रत्येकाने त्यालाच पहिलं स्थान दिलं. १९९० मध्ये डग ड्रेबेकला तो मिळाला होता, त्यानंतर पायरेट्सच्या कुणालाही नाही.

आणि अशा पिचरचा यंदाचा हिशेब काय? १० विजय, १० पराभव.

१८ मेची फिलाडेल्फियातली मॅच आठवा. स्कीन्सने आठ इनिंग टाकल्या, एकट्याने, कारकिर्दीतली त्याची पहिली पूर्ण मॅच. नऊ जणांना बाद केलं, एकच धाव दिली. आणि आपण १-० ने हरलो. आमच्या घरात त्या दिवशी टीव्ही बंद केल्यावर कुणी काही बोललं नाही. माझा मुलगा एवढंच म्हणाला, "आई, त्याने अजून काय करायचं होतं?"

या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत आहे. यंदा १६२ सामन्यांत पायरेट्सनी ५८३ धावा केल्या. तीस संघांत सगळ्यात कमी. होम रन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, ११७, त्याही सगळ्यात कमी. आपण ७१ सामने जिंकलो, ९१ हरलो, गटात तळाला राहिलो. ३८ सामन्यांत १२ विजय झाल्यावर मे महिन्यात मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, डेरेक शेल्टन गेले आणि त्यांच्या जागी आपल्याच पिट्सबर्गचे डॉन केली आले. केलींनी संघाला जरा उभं केलं, पण बॅटच नसेल तर मॅनेजर तरी कुठून आणणार? दात आहेत तर चणे नाहीत, अशी गत.

आता पैशाकडे येते, कारण भांडण तिथेच पेटलं.

आपल्याकडे आयपीएलमध्ये प्रत्येक संघाच्या हातात सारखीच थैली असते. २०२५ च्या लिलावात ती १२० कोटींची होती. मुंबई असो नाहीतर लखनौ, त्याच्या वर जाता येत नाही. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये अशी कमाल मर्यादा नाही. यंदा पगाराचा आकडा २४१ मिलियन डॉलरच्या पुढे गेला की संघाला कर भरावा लागतो, बस इतकंच. ज्याला परवडतं तो भरतो. या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम अजिंक्यपद, जिंकणाऱ्या लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा पगार आणि कर मिळून खर्च अर्धा अब्ज डॉलरच्या घरात गेला. आपल्या पायरेट्सचा पगार शंभर मिलियनच्याही खाली. हे विषम आहे, आणि काका म्हणतात तसं ते एका मालकाच्या हाताबाहेरचं आहे, हे मला मान्य आहे. पण जशी कमाल मर्यादा नाही तशी किमान मर्यादाही नाही. कमीत कमी इतका खर्च कराच, असं या खेळात कुणी कुणाला सांगत नाही. दुसरीकडे, प्रत्येक क्लब आपल्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के हिस्सा एका सामाईक पिशवीत टाकतो आणि ती पिशवी तीस जणांत सारखी वाटली जाते. देशभराच्या टीव्हीचे पैसेही सारखे वाटले जातात. म्हणजे लॉस एंजेलिसच्या तिकिटांतला थोडा वाटा आपल्याकडेही येतो. तो खेळाडूंवर खर्च व्हावा अशी अपेक्षा आहे. २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने चार क्लबांविरुद्ध याच मुद्द्यावर तक्रार दाखल केली होती, आणि त्या चारांत आपण होतो.

त्यामुळे "अंथरूण पाहून पाय पसरावेत" ही म्हण मला इथे मान्य नाही. अंथरूण किती लांब आहे हे आपल्याला कुणी दाखवलेलंच नाही. क्लब खासगी मालकीचा आहे, त्याचे हिशेब बंद कपाटात आहेत. आणि मैदान कुणाच्या पैशाने उभं राहिलं? १९९७ मध्ये अकरा काउंट्यांतल्या मतदारांनी स्टेडियमसाठीचा कर मतदानाने नाकारला होता. तरी पुढच्या वर्षी ‘प्लॅन बी’ नावाने दुसरी वाट काढली गेली आणि त्यात विक्रीकराचा पैसा लावला गेला. ॲलेघेनी काउंटीत आपण ७ टक्के विक्रीकर देतो, त्यातला १ टक्का काउंटीचा. त्याच्या एका हिश्श्यातून मैदानांची कर्जं फिटत आली आहेत. २००१ मध्ये पीएनसी पार्क उघडलं. नदीपलीकडे शहराच्या उंच इमारती, आपल्या जुन्या दिग्गज खेळाडूच्या, रॉबेर्टो क्लेमेंटेच्या नावाचा पिवळा पूल, उजवीकडे त्याच्या २१ नंबरसाठी मुद्दाम २१ फूट उंच ठेवलेली भिंत. याहून देखणं मैदान मी पाहिलेलं नाही. हे आपण सगळ्यांनी मिळून बांधलं आहे, आणि म्हणून त्यात कोण खेळतं हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

काका, आता तुमचा मुद्दा. तो मी टाळणार नाही, कारण तो कच्चा नाही. पिचरचा खांदा आणि कोपर म्हणजे काच. आपल्याच जॅरेड जोन्सच्या कोपरावर यंदा मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली, तोही केवढा वेगवान आणि तरुण. स्कीन्सचंही तसं झालं तर हातात काहीच उरणार नाही. शिवाय तुम्ही मिलवॉकीचं उदाहरण दिलंत. त्यांनी २०२४ च्या फेब्रुवारीत आपला साय यंग विजेता कॉर्बिन बर्न्स बॉल्टिमोरला देऊन टाकला, आणि यंदा ९७ सामने जिंकून सगळ्या तीस संघांत वर राहिले.

पण काका, मिलवॉकीने बर्न्सला दिलं तेव्हा त्याचं एकच वर्ष उरलं होतं. स्कीन्स आपल्याकडे २०२९ च्या शेवटापर्यंत आहे. चार हंगाम. आणि मिलवॉकीला येणाऱ्या पोरांतून खेळाडू घडवता येतात, आपण ज्यांना विकलं ते मात्र दुसऱ्यांकडे जाऊन घडले. जानेवारी २०१८ मध्ये आपला पिचर गेरिट कोल ह्युस्टनला दिला, बदल्यात चौघे आले. कोलने २०१९ मध्ये ३२६ बळी घेतले. त्या चौघांत ज्याने नाव काढलं तो जो मसग्रोव्ह, आणि त्यालाही आपण पुढे सॅन डिएगोला देऊन टाकलं. तिथे २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याने त्यांच्या क्लबच्या इतिहासातला पहिला नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही हिट न देता संपवलेला सामना, टाकला. २०१८ च्याच जुलैत क्रिस आर्चरसाठी टँपा बेला ग्लासनाऊ, मेडोज आणि बाझ, तिघे दिले. ग्लासनाऊ यंदा डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीज जिंकला. हीच माणसं तेव्हा खुर्चीवर नव्हती हे खरं, २०१९ च्या शेवटी बेन चेरिंग्टन जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंचे सौदे ठरवणारे, झाले. पण एवढं पाहिल्यावर "विका, बदल्यात चांगले येतील" यावर मी विश्वास कसा ठेवू? कोपर तुटेल ही भीती मलाही आहे. त्या भीतीचा मला लागणारा अर्थ एवढाच, की त्याच्या भोवती संघ उभा करायला उशीर करू नका.

पण मला मुख्य जे सांगायचंय ते २०१८ बद्दल नाहीच. कोल आणि आपला लाडका बॅटर अँड्र्यू मॅककचन एकाच आठवड्यात गेले तेव्हा आपण सगळे रडलो, हजारो लोकांनी मालकाविरुद्ध सह्या केल्या. पण घर तेव्हा पडलं नव्हतं. वाळवी लागली होती ती त्याच्या दोन वर्षं आधी, आणि तेव्हा आपण कुणीच आवाज केला नव्हता.

२०१३ ची १ ऑक्टोबरची रात्र, सिनसिनाटीविरुद्धचा बाद फेरीचा सामना, तुम्हाला आठवत असेल. १९९३ पासून ओळीने वीस वर्षं हा संघ पराभवाच्या बाजूला राहिला होता. अमेरिकेतल्या कुठल्याही व्यावसायिक खेळात इतकी लांब रांग कुणाची नाही. मी इथे १९९८ मध्ये आले, म्हणजे माझ्या वाट्याची पंधरा वर्षं त्यातली. शेजारचे आजोबा मला बेसबॉल शिकवायचे. १३ ऑक्टोबर १९६० ला बिल मॅझेरोस्कीने सातव्या सामन्यात शेवटच्या चेंडूवर होम रन मारून यँकीजना हरवलं तेव्हा ते शाळकरी पोर होते. जुन्या फोर्ब्स फील्ड मैदानाच्या भिंतीचा जो तुकडा अजून पिट्सबर्गच्या ओकलंड भागात उभा आहे तिथे दर वर्षी त्या तारखेला लोक जमतात आणि त्या सामन्याचं रेडिओवरचं जुनं वर्णन ऐकतात. मी त्यांच्याबरोबर कितीदा गेले आहे. एखाद्या गावच्या जत्रेला जावं तसं ते जातात. त्या २०१३ च्या रात्री आम्ही सगळे काळे कपडे घालून गेलो होतो. सिनसिनाटीचा पिचर क्वेटो, त्याचं नाव अख्खं मैदान एका सुरात म्हणत होतं. त्याच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला, आणि त्यानंतर लगेच रसेल मार्टिनने होम रन मारली. आजोबांनी माझ्या मुलाला उचलून खांद्यावर घेतलं. मी त्या माणसाला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत आपण पुन्हा दोनदा बाद फेरीला पात्र ठरलो. २०१५ ला तर ९८ सामने जिंकलो. गटात सेंट लुइसने १०० जिंकले म्हणून आपल्याला एकाच सामन्याची परीक्षा द्यावी लागली आणि शिकागोचा पिचर अरिएटा याने आपल्याला एक धावही करू दिली नाही. नशीब म्हणून सोडून दिलं.

पण त्या हिवाळ्यात आपल्या हातात काय होतं ते बघा. कोल २५ वर्षांचा, १९ विजय, आणि पगार नवोदिताचा. मॅककचन जुन्या, स्वस्त करारावर. मार्टे, पोलांको तरुण. ज्यांच्यासाठी इतर संघांना शंभर-शंभर मिलियन मोजावे लागले असते ते सगळे आपल्याला कवडीमोलाने मिळत होते. अशी वेळ वीस वर्षांतून एकदा येते. तेव्हा वरून थोडे पैसे टाकायचे असतात.

काय केलं आपण? पिचर जे. ए. हॅप जुलैत येऊन अप्रतिम खेळला होता. त्याला टोरंटोने तीन वर्षांचे ३६ मिलियन दिले, आपण दिले नाहीत. पुढच्या वर्षी त्याने तिथे २० सामने जिंकले. नील वॉकर, आपल्या इथल्या शाळेत शिकलेला पोरगा, दुसऱ्या बेसचा खांब, त्याला मेट्सना देऊन पिचर जॉन नीस आणला. तो नीस उन्हाळ्यात इतका ढेपाळला की त्याला परत मेट्सकडेच धाडावं लागलं. पिचर बर्नेट निवृत्त झाला, त्याच्या जागी व्होगलसाँग. पुढचा हंगाम ७८-८३. तिथून उतार सुरू झाला, आणि २०१८ ची विक्री ही त्या उताराच्या तळाशी झाली.

त्या हिवाळ्यात मी स्वतः क्लबची बाजू घेतली होती. वहिनी, तुम्हाला आठवत असेल, तुमच्याच घरी मी म्हणाले होते की मॅनेजमेंटला आपल्यापेक्षा जास्त कळतं, तीन वर्षं त्यांनी जिंकून दाखवलंय. तेव्हा त्यांच्यावर विश्वास होता म्हणून कुणी प्रश्न विचारला नाही. मला त्याचं वाईट वाटतं. जिंकत असताना विचारलेल्या प्रश्नाला किंमत असते. बुडाल्यावर केलेल्या सह्यांना फारशी नाही.

आता आजचा हिवाळा त्याच्या शेजारी ठेवा. स्कीन्सचा यंदाचा पगार ८ लाख ७५ हजार डॉलर होता. वर जो साडेतीन मिलियनच्या जवळपास बोनस मिळाला तो सगळ्या क्लबांच्या सामाईक निधीतून, पायरेट्सच्या तिजोरीतून नाही. नियम असा की पहिली तीन वर्षं खेळाडू जवळजवळ किमान पगारावर खेळतो, पुढची तीन वर्षं लवादातून आकडा ठरतो, आणि मग तो मोकळा. स्कीन्सची दोन वर्षं संपली. २०२६ हे त्याच्या स्वस्ताईचं शेवटचं वर्ष. २०२७ पासून त्याचा आकडा चढत जाईल आणि तेव्हा हाच क्लब सांगेल, की बघा, एकट्या स्कीन्सला इतके द्यावे लागतात, बॅटरसाठी कुठून आणू? म्हणून मी म्हणते, हाच तो हिवाळा. पिचर बब्बा चँडलर ऑगस्टमध्ये येऊन पोचला. मिच केलर आहे. जोन्स बरा होतोय. आणि खालून कॉनर ग्रिफिन येतोय, १९ वर्षांचा, यंदा मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य संघाच्या खालच्या पायरीवर, .३३३ ची सरासरी, २१ होम रन, ६५ चोरलेले बेस. २०१५ नंतर इतकं सामान एका वेळी घरात कधीच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात काय झालं तेही पाहून घ्या. ७६ विजयांनंतर स्कीन्सच्या पाठीशी कुणाला आणलं? मॅककचनला पाच मिलियनवर एक वर्ष. तो माझा लाडका आहे, पण त्याचं वय ३८. टॉमी फॅम चारेक मिलियन, ॲडम फ्रेझर दीड, अँड्र्यू हीनी पाच. सगळे एकेका वर्षाचे. बॅटर स्पेन्सर हॉरविट्झला ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, आणलं, त्याच्या मनगटावर फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. त्याच्यामागे दुसरं कुणी नव्हतं. जुलैत फ्रेझर गेला, केब्रायन हेज सिनसिनाटीला गेला, आणि इथेच वाढलेला डेव्हिड बेडनार यँकीजकडे गेला.

हे वाचून कुणी म्हणेल, मोठे पैसे फेकले की जिंकता येतं असं थोडंच आहे. नाहीच. हेजला २०२२ मध्ये आठ वर्षांचे ७० मिलियन दिले होते, त्यातून काय निघालं ते आपण पाहिलं. ओनील क्रूझ चेंडू जितका जोरात मारतो तितका कुणीच मारत नाही, आणि तरी त्याची सरासरी यंदा .२०० वर अडकली. बॅटर घडवण्याची आपल्या क्लबची विद्याच कुठेतरी अधू आहे. पिचर घडतात, बॅटर घडत नाहीत. हा दोष पैशाचा नाही आणि त्याची जबाबदारी चेरिंग्टन यांनी घ्यायला हवी. पण जे घरी पिकत नाही ते बाजारातून आणावं लागतं, हे तर कुठल्याही गृहिणीला कळतं.

बाजारातून आणून दाखवणारा एक संघ आहे, आणि तो न्यूयॉर्कचा नाही. कॅन्सस सिटी. त्यांच्या महानगराची वस्ती आपल्यापेक्षा थोडी कमीच. २०२३ मध्ये ते ५६ जिंकले आणि १०६ हरले. मी इथे पाहिलेल्या आपल्या वाईटात वाईट वर्षापेक्षा वाईट. त्या हिवाळ्यात त्यांनी सेथ लूगोला तीन वर्षांचे ४५ मिलियन दिले, मायकेल वाकाला दोन वर्षांचे ३२. आणि फेब्रुवारीत त्यांच्या बॉबी विटला, जो तेव्हा २३ वर्षांचा होता, ११ वर्षांचा २८८ मिलियनचा करार दिला. पुढच्या वर्षी ८६ विजय आणि पोस्टसीझन, म्हणजे बाद फेरी. लूगो साय यंगच्या मतदानात दुसरा आला. पायरेट्सनी फ्री एजंटला, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूला, आजवर दिलेला सगळ्यात मोठा करार किती? फ्रान्सिस्को लिरियानोला ३९ मिलियन. डिसेंबर २०१४ मध्ये. अकरा वर्षं झाली, तो आकडा तिथेच आहे. आपल्याच ब्रायन रेनॉल्ड्सला १०६ मिलियनच्या वर दिले, केलरला ७७ दिले, त्याचं श्रेय मी देते. पण दाराबाहेरच्या माणसासाठी हात आखडलेला तो आखडलेलाच.

वहिनी, आता तुमच्यासाठी. एप्रिलमध्ये पहिल्या घरच्या सामन्याला आकाशात विमान फिरलं, मागे "संघ विकून टाक, बॉब" असा फलक. मैदानातही तेच ओरडणं. त्याच महिन्यात उजव्या भिंतीवरून क्लेमेंटेचा २१ आकडा झाकून तिथे जाहिरात लावली गेली, कुटुंबाने बोलल्यावर तो परत आला. चाहत्यांनी आपल्या माणसांच्या नावाने लावलेल्या विटा मैदानाबाहेरून काढून भंगाराच्या आवारात गेल्या, हेही तेव्हाच उघड झालं. कित्येकांनी त्या गेलेल्या वडिलांच्या नावाने लावल्या होत्या. क्लेमेंटे हा माणूस भूकंपग्रस्तांसाठी निकाराग्वाला मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ ला विमान पडून गेला. त्याच्या आकड्यावर जाहिरात! माझाही संताप तुमच्याइतकाच आहे. पण बॉब नटिंग २००७ पासून मुख्य मालक आहेत आणि आपण ओरडलो म्हणून ते क्लब विकणार नाहीत. पूर्ण बहिष्कार टाकला तर टीव्हीचा आणि सामाईक पिशवीचा पैसा येतच राहील, आणि मुलांचा उन्हाळा मात्र जाईल. माझा धाकटा उद्या ग्रिफिन पहिल्यांदा उतरेल त्या दिवशी घरात बसलेला मला चालणार नाही.

आपला या क्लबशी धागा साधा नाही. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये याच पायरेट्सनी उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू करारावर घेतले होते. मुख्य संघापर्यंत ते पोचले नाहीत, पण त्या आठवड्यात ऑफिसात माझे अमेरिकन सहकारी मला येऊन अभिनंदन करत होते, जणू माझे भाऊच. त्याआधी कुणी माझ्याशी बेसबॉलवर बोलत नसे. एखाद्या गावाची होणं असंच होतं. म्हणून मला इथून पाठ फिरवायची नाही, आणि गप्पही बसायचं नाही.

मी काय सुचवते ते सांगते. आपल्या बारा जणांचं मिळून वीस सामन्यांचं पॅकेज आहे. त्याचा पुढचा हप्ता या हिवाळ्यात भरायचा आहे. तो आत्ता भरायचा नाही. ७ डिसेंबरपासून ऑर्लँडोत सगळ्या क्लबांची हिवाळी बैठक आहे, खेळाडूंचे सौदे तिथे जुळतात. त्यानंतरही थांबायचं, आणि एकच गोष्ट बघायची: पायरेट्सनी बाहेरच्या एखाद्या चांगल्या बॅटरला एकाहून अधिक वर्षांचा करार दिला का, किंवा ट्रेडमध्ये रोज खेळणारा, खरोखर मारणारा माणूस आणला का. आणला तर त्याच दिवशी हप्ता भरायचा, आणि क्लबला तसं कळवायचं, की यासाठी भरला. नाही आणला तर पॅकेज सोडायचं आणि स्कीन्स टाकणार असेल त्या दिवशी खिडकीवर सुटं तिकीट काढून जायचं. बारा जणांनी काय होणार, असं दादा म्हणेल. बारा जणांनी फारसं होणार नाही. पण तिकीट विभागातून फोन येतो तेव्हा समोरचा माणूस कारण लिहून घेतो, आणि "संघ विका" पेक्षा "बॅटर आणा, दोन वर्षांचा करार द्या, आम्ही हप्ता तयार ठेवलाय" हे कारण वरच्या मजल्यावर वाचायला जास्त अवघड जाईल.

दुसरं, स्कीन्सला दीर्घ कराराचा प्रस्ताव खरोखर द्या, हे पत्रात लिहायचं. तो यँकीजकडे जाणार अशी कुजबुज मध्यंतरी उठली, त्याने ती स्वतः नाकारली. क्लबनेही २०२६ मध्ये तो इथेच असेल असं सांगितलंय. पण २०२६ ची हमी मला नको आहे, ते तर नियमानेच आहे. कदाचित तो नाही म्हणेल. म्हणू दे. निदान विचारलं गेलं हे त्याला आणि आपल्याला कळू दे.

आणि काका, एक विनंती. आपण चाहत्यांनी "कुणाला विकायचं" हे बोलणं थोडे दिवस थांबवू या. मी त्या दिवशी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आपण अर्धा तास क्लबचे पैसे कसे वाचतील यावर भांडत होतो, चेंडू कोण मारणार यावर पाच मिनिटंसुद्धा नाही. पैसे वाचवायला त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत.

क्लबला पाठवायच्या इंग्रजी पत्राचा मसुदा माझ्या मुलाने केला आहे, दीड पानाचा, आकड्यांसकट. येत्या रविवारी पेन हिल्सच्या बालाजी मंदिरात आपण बहुतेक जण असतोच. आरतीनंतर खाली जेवणाच्या हॉलमध्ये मी तो घेऊन बसेन. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी, ज्यांना एखादा शब्द खटकेल त्यांनी तिथेच बदलावा. क्रॅनबेरीच्या दादाला कुणीतरी आवर्जून घेऊन या. शेजारचे आजोबाही येतो म्हणाले आहेत. पहिली सही त्यांची घेऊ.

तुमची,
सेक्शन ३१६ मधली मावशी